दीड दिवसाचा गणपती आणि उलटे मासे

मी रोह्याच्या एका रसायन कारखान्यात बॉयलरचं पाणी तपासतो. पाण्यात क्षार किती, जडपणा किती, हे दर शिफ्टला बघायचं आणि आकडा हाताबाहेर जायच्या आत सांगायचं, एवढंच काम. घर पेणला, रामवाडीत. घरी येऊन हातपाय धुतले की मी पुन्हा पाणीच तपासत बसायचो. ते माशांचं.

बायको म्हणायची, "तुम्हाला पाण्याचा कंटाळा कसा येत नाही?"

यायचा. मी तो बोलून दाखवत नव्हतो, इतकंच.

मासे आफ्रिकेतले, कांगो नदीच्या खोऱ्यातले. आपल्याकडच्या शिंगटीच्या जातकुळीतले म्हणता येतील: अंगावर खवले नाहीत, तोंडाशी मिशा, पाठीवर काटा. वाढून वाढून बोटाएवढे होतात. ते उलटे पोहतात, पोट वर आणि पाठ खाली. पानाच्या खालच्या अंगाला चिकटलेलं खायला त्यांना तसं सोपं पडतं. ‘उलटे मासे’ म्हणून दुकानात जे विकतात ते बहुतेक दुसऱ्याच जातीचे किंवा संकराचे निघतात आणि मोठे झाले की सरळ पोहायला लागतात. अस्सल मिळणं कठीण. अस्सलांना घरच्या टाकीत पिल्लं होणं त्याहून कठीण. माझ्याकडे सहा अस्सल होते, त्यांतले चार उरले होते. दोन नर, दोन माद्या, असा माझा अंदाज.

शेजारच्या काकांनी एकदा खिडकीतून डोकावून विचारलं होतं, "आफ्रिकेतले म्हणजे मांगूर ना? त्याला बंदी आहे म्हणे."

"मांगूर वेगळा, काका. तो हातभर होतो. हे एवढेच राहतात."

"खायचे आहेत?"

"नाही."

"विकणार?"

"नाही."

"मग काय, नुसतं बघायचं? तेही उलटं?" असं म्हणून ते हसत गेले. तेव्हापासून गल्लीत कुणी भेटलं की "काय, मांगूर काय म्हणतो?" असंच विचारायचं. मी "बरा आहे" म्हणायचो. दर वेळी समजावून सांगायची ताकद राहत नाही.

मला त्यांची पिल्लं बघायची होती. दुसरा काही हेतू नव्हता. ही पिल्लं जन्मतात ती इतर माशांसारखी सरळ पोहत आणि पुढे कधीतरी एकेक करून उलटी होतात, असं वाचलं होतं. ते होताना बघायचं होतं.

त्यासाठी मी जे केलं ते माझ्या नोकरीच्या शिस्तीने केलं. कारखान्यात पहिली गोष्ट शिकवतात ती ही की एका वेळी एकच बदल करावा. दोन केले आणि आकडा हलला तर तो कशाने हलला ते कळत नाही. म्हणून एका वर्षी मी फक्त पाणी मऊ केलं, गच्चीवरच्या पिंपात पावसाचं पाणी साठवून. काही झालं नाही. पुढच्या वर्षी फक्त तापमान उतरवलं. मग फक्त खाणं बदललं. मग अंधार. मग लपायच्या जागा. संक्रांतीची सुगडं आडवी करून ठेवली होती, त्यांत मासे दिवसभर बसून राहायचे, भाडेकरूसारखे. मादीचं पोट फुगायचं, पुन्हा ओसरायचं. दर वर्षी माझ्या आशेचंही तसंच व्हायचं.

मासे म्हातारे होत चालले होते. आणि आईही.

आईचे गुडघे गेले. वरच्या मजल्यावरची तिची खोली सुटली आणि ती हॉलमधल्या दिवाणावर आली. खाली न्हाणीघराला लागून एकच खोली, ती माशांची. तीन टाक्या होत्या. मोठी चार फुटी, दोनशे दहा लिटरची. पाणी, काच, लोखंडी स्टँड धरून अडीचशे किलोच्या वर वजन, ती वरच्या मजल्यावर नेण्यासारखी नव्हती. पण हॉलमध्ये झोपलेल्या माणसाला उशिरा येणाऱ्यासाठी जागावं लागतं, लवकर जाणाऱ्यासाठी उठावं लागतं, आणि माझ्या शिफ्टा तिन्ही होत्या. मी पहाटे चपला हातात घेऊन बाहेर पडायचो. तरी तिचा आवाज यायचाच, "डबा घेतलास?"

बायकोने एकदा सरळच विचारलं, "खोली त्यांना की माशांना?"

"या गणपतीपर्यंत बघतो," मी म्हणालो. "अंडी झाली तर झाली. नाहीतर सगळं काढून टाकतो."

हे म्हणताना मला वाईट वाटायला हवं होतं. पण सुटल्यासारखं वाटलं. फिल्टर धुणं, पिंप उपसणं, वीज गेली की हवेच्या पंपासाठी धावाधाव, हे सगळं संपेल, तेही आपल्या तोंडाने हरलो न म्हणता. त्या वर्षी मी काहीच बदललं नाही. पिंपात पावसाचं पाणी तेवढं साठत होतं, कारण पिंप तिथेच होतं.

आमचा गणपती दीड दिवसाचा. मूर्ती वीतभर, शाडूची, जवळच्या जोहे गावाहून येते. आईचं माहेर तिकडचं, खाडीकाठच्या खारेपाटातलं. लग्नाआधी ती जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला जायची. प्लास्टरची मूर्ती तिने घरात कधी येऊ दिली नाही. "जो विरघलत नाय तो जानार कसा?" एवढंच तिचं म्हणणं. विसर्जन भोगावती नदीवर. मूर्ती मी पाटावरून नेतो, आई दारापर्यंत येते.

त्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी मला दुसरी शिफ्ट लागली. सणाला सुट्टी मागणारे बरेच असतात आणि मी मागच्या वर्षी घेतली होती. मुलगी पुण्याला, तिची परीक्षा. ठरलं असं की शेजारचे काका त्यांच्या गणपतीबरोबर आमचाही नेतील. दुपारी मी निघालो तेव्हा पाऊस साधा होता. संध्याकाळी तो वाढला. रोह्यात कुंडलिका फुगली, आणि माझ्या जागेवर येणारा माणूस येऊ शकला नाही. मी तिसरी शिफ्टही केली. प्लांटमध्ये फोन नेता येत नाही, तो गेटवरच्या लॉकरात. सकाळी लॉकर उघडलं तेव्हा बायकोचे बरेच फोन येऊन गेले होते. शेवटी एक निरोप होता: घरीच विसर्जन केलं, काळजी नको, आल्यावर बोलू.

"आल्यावर बोलू" वाचून मी समजायला हवं होतं. पण सोळा तास उभं राहिलेल्या माणसाला निरोपाचा पहिला भागच दिसतो. कंपनीच्या बसमध्ये मी वडखळपर्यंत झोपलो. तिथे खड्ड्याने उठवलं.

दारात बायको उभी होती. "आधी चहा घ्या," म्हणाली.

"काय झालं?"

"चहा घ्या आधी."

मी चहा न घेता खोलीत गेलो. मोठी टाकी होती तिथेच होती, पण तिच्यात काही दिसत नव्हतं. पुढच्या काचेपासून मागच्या भिंतीपर्यंत दुधाच्या चहासारखं पाणी. डाव्या कोपऱ्यात तळाशी अंधुक ढीग होता. काचेला नाक लावल्यावर त्यातून मुकुटाचा सोनेरी कंगोरा दिसला.

काय झालं ते मला बायकोकडून तुकड्यातुकड्याने कळलं. पाऊस थांबेना. भोगावतीकडच्या रस्त्यावर पाणी. काकांनी आपली मूर्ती घरीच बादलीत विसर्जित केली आणि आमचीही करून देतो म्हणाले. आई म्हणाली, आपला देव दुसऱ्याच्या बादलीत नाय. मग आपली बादली काढली. ती कपड्यांची. दुसरी न्हाणीघरातली. पिंप गच्चीवर, आईला जिना चढवत नाही, आणि तिच्या डोळ्यांदेखत विसर्जन झाल्याशिवाय तिला चालणार नव्हतं. तेवढ्यात तिची नजर खोलीत गेली.

"मी त्यांना म्हटलं, आधी विचारू या," बायको म्हणाली. "फोन केले. तुमचा लॉकरात. त्या म्हणाल्या, आरती झाली, दही हातावर ठेवलं, आता देवाला ताटकळत ठेवायचं का?"

आई दिवाणावर पाय सोडून बसली होती. गुडघ्यांना तेल चोळत होती. मी समोर उभा राहिलो.

"ओरड आता," ती म्हणाली.

"आई, त्यात मासे होते."

"हायत ना. मला ठाव हाय. तल्यात मासे नसतात व्हय? आमच्या गावात गनपती तल्यातच सोडायचे. शिंगट्या तिथं पन होत्या, कोन मेली नाय."

"तळं केवढं, ही टाकी केवढी!"

"आनि देव केवढा? वीतभर." तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली. "घरात सगल्यात चांगलं पानी तुझं हाय. रोज बघतोस, तपासतोस. आमाला प्यायला देतोस ते पन इतकं तपासत नाय. मंग देवाला कोनतं देऊ?"

बायको स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. हसत होती.

"मी फिल्टर बंद केला हं," ती तिकडूनच म्हणाली. "हवा चालू ठेवली. तेवढं मला सुचलं." आणि ते बरोबर होतं. फिल्टर चालू राहिला असता तर गाळाने गुदमरून जळला असता.

मी नळी आणि बादली घेऊन गाळ उपसायला बसलो, तसं आई दारात येऊन उभी राहिली, भिंतीला धरून.

"त्याला हात लावू नको."

"कोणाला?"

"मूर्तीला. आपनहून विरघलू दे. मंग काढ माती. अर्धवट उपसून काढनार काय देवाला? गटारात टाकनार?"

मी नळी खाली ठेवली. भांडायला अंगात काही राहिलं नव्हतं. शिवाय ती म्हणत होती ते मीही लहानपणापासून पाळत आलो होतो. मातीला हात न लावता जेवढं करता येईल तेवढं केलं. वरचं पाणी हळूहळू काढलं, निम्म्याच्या वर. भरायला नळाचं पाणी घ्यावं तर तेही पुरामुळे गढूळ येत होतं. गच्चीवरचं पिंप तेवढं भरलेलं होतं. पावसाचं, गार, क्षार जवळजवळ नाहीत असं पाणी. तेच ओतलं. टाकीतले क्षार एकशेचाळीसवरून साठच्या खाली आले, तापमान अठ्ठावीसवरून चोवीसवर. एरवी इतका मोठा बदल मी एकदम कधीच केला नसता. त्या दिवशी आकडे बघितले आणि झोपलो.

मूर्तीला विरघळायला वेळ लागला. पाठीवर रंगाचा थर जाड होता. मी कामावरून आलो की थोडं पाणी काढायचो, थोडं पावसाचं घालायचो. पाऊस थांबत नव्हता, पिंप रिकामं होत नव्हतं. मासे दिसत नव्हते, पण वर तरंगतही नव्हते, म्हणून जिवंत असावेत असं धरून चाललो. बायको रोज विचारायची, "आहेत?" मी म्हणायचो, "मेलेले दिसले नाहीत." मी खोलीतून बाहेर आलो की आई नुसती माझ्या तोंडाकडे बघायची.

शेवटी कोपऱ्यात नुसती माती उरली. आईने येऊन पाहिलं, हात जोडले आणि म्हणाली, "काढ आता." मी माती काढली. ती तिने तुळशीच्या कुंडीत घालायला लावली. दोनदा पाणी बदलल्यावर टाकीची मागची काच दिसायला लागली. तीन मासे लाकडाखाली होते, उलटे, नेहमीसारखे. चौथा दिसेना. गेला, असं मी धरलं. मग डाव्या सुगडाच्या तोंडाशी शेपूट हललेली दिसली. नर आत होता आणि बाहेर यायला तयार नव्हता. खाणं टाकलं तरी आला नाही. दुसरा मासा जवळ गेला तसा त्याच्या अंगावर धावून गेला आणि पुन्हा आत.

मी टॉर्च आणला. सुगडाच्या आतल्या भिंतीला, वरच्या बाजूला, साबुदाण्याहून लहान, पिवळसर दाणे चिकटले होते.

मी स्टुलावर बसून राहिलो. किती तरी वर्षं मी या क्षणाची वाट पाहिली होती आणि तो आल्यावर मला आधी सुचलं ते हे: आता टाकी काढता येणार नाही. आता पुन्हा पिंप, पुन्हा पंप, लहान टाकी धुवायची, पिल्लांचं खाणं बघायचं. मला आनंद झाला नाही असं नाही. पण तो थकलेल्या पायांनी जिना चढत आल्यासारखा उशिरा आला.

आणखी एक गोष्ट खुपली. गढूळ पाणी, मऊ पाणी, गारवा, फिल्टर बंद, अंधार, सगळं एकदम झालं होतं. यातल्या कशाने अंडी झाली, ते मला कधीच सांगता येणार नाही. कांगोतही पावसाळ्यात पूर येतो, पाणी गढूळतं, गार होतं, आणि तेव्हाच हे मासे अंडी घालतात, हे मी वाचलेलं होतं. वाचून मी पुराचे तुकडे केले आणि दर वर्षी एकेक तुकडा देऊन बघितला. आईने अख्खा दिला.

गल्लीत बातमी गेलीच. काका आले, काचेला नाक लावून बघितलं. "बाप्पा पावला तुम्हाला," म्हणाले. "मांगुराच्या रूपात!" कारखान्यात एकाने विचारलं, पुढच्या वर्षी आमचाही गणपती तुमच्याकडे सोडू का. मी हसलो. बाप्पा पावला असं मी म्हणत नाही, नाही पावला असंही म्हणत नाही. माझ्याकडे त्याचा आकडा नाही.

सुगड अलगद काढून मी लहान टाकीत ठेवलं, त्याच पाण्यात, शेजारी हवेची नळी. बरीच अंडी बुरशीने पांढरी झाली. ती रोज चिमट्याने वेचायचो. उरलेली फुटली. सुरुवातीला पिल्लं म्हणजे शेपूट असलेली टाचणीची टोकं. त्यांना मिठाच्या पाण्यात फुटणारे बारीक लाल किडे खायला लागतात. मी ते बाटलीत काढत होतो तेव्हा आईने डोकावून पाहिलं.

"हे तर मिठागरातले."

"तसलेच."

"आमी पायांनी तुडवायचो त्यांना," ती म्हणाली आणि बाटली हातात घेऊन बराच वेळ उजेडात फिरवत राहिली.

खोलीचं राहिलंच होतं. मी दिलेला शब्द घरात सगळ्यांना माहीत होता. मी मोठ्या टाकीसाठी गिऱ्हाईक शोधायला लागलो. चार जुने मासे आणि पिल्लं लहान टाक्यांत मावतील, त्या जिन्याखाली ठेवता येतील, असा हिशोब बसवत होतो. जिन्याखाली पंपाला प्लग नव्हता. तो हिशोब नीट बसत नव्हता आणि मला बसवायचाही होता.

एका संध्याकाळी घरी आलो तर दिवाण हॉलमध्ये नव्हता. काका आणि बायकोने मिळून तो खोलीत नेला होता, मोठ्या टाकीच्या समोर, भिंतीला लावून. तिसरी रिकामी टाकी अंगणात उपडी घातलेली. आई दिवाणावर बसून भाजी निवडत होती.

"आई, पंपाचा आवाज येईल रात्रभर."

"येऊ दे. तिथं टीव्हीचा येत होता."

"ओल असते इथे. तुझे गुडघे—"

"तुझ्या चपलांचा आवाज तरी नाय येनार." तिने देठ मोडला. "मी आत, मासे आत. तू काय काढनार ते काढ, पन मी केलेलं मोडू नको."

पिल्लं किती उरली ते मी मोजायचा प्रयत्न केला. एकदा सतरा आली, एकदा एकोणीस, एकदा पुन्हा सतरा. ती स्थिर राहत नाहीत आणि लाकडाखाली किती आहेत ते कळत नाही. सगळी सरळ पोहत होती, पाठ वर, पोट खाली, कुठल्याही माशासारखी. आई दिवाणावरून बघत बसायची. खाणं घालायचं काम तिने आपल्याकडे घेतलं होतं. मी प्रमाण सांगितलं होतं, ती त्याहून जास्त घालायची. मला ते पाण्याच्या आकड्यांवरून कळायचं. मी फक्त पाणी थोडं जास्त बदलायला लागलो.

दिवाळी होऊन गेल्यावर एकदा पहिली शिफ्ट करून दुपारी घरात शिरलो, तोच आतून हाक आली.

"अरे, ये लवकर. एक पडलं रं उलटं." तिचा आवाज बारीक झाला होता. "मी जास्त घातलं काय खायला? सकाली तर बरं होतं."

मी पिशवी दारातच टाकून आत गेलो. ती दिवाणावरून उठून काचेला हात टेकून उभी होती, काठीशिवाय. लहान टाकीत एका रुंद पानाच्या खाली एक पिल्लू पोट वर करून होतं. कल्ले हलत होते. तोंड पानाला लावलेलं. ते हळूहळू पानाखालून सरकत, खरवडून खात चाललं होतं. पानाच्या कडेशी आलं, क्षणभर सरळ झालं, जणू आठवलं, आणि पुन्हा उलटं होऊन परत आत गेलं.

"मेलं?" आई म्हणाली.

"नाही. मोठं झालं."

ती दिवाणावर बसली. काही वेळ आम्ही दोघं बघत राहिलो. मला भूक लागली होती, पाय दुखत होते, आणि पंपाचा आवाज नेहमीपेक्षा जड येत होता. बहुतेक रबर बदलायला झालं होतं.

"बाकीची?" तिने विचारलं.

"होतील. एकेक करून."

"मंग तू जेवून घे," ती म्हणाली. "मी बघतेय."